टेबलावरच्या लढाईसाठी कोळशाचं इंजिन

जयविलास महालात जेवणाच्या लांबलचक टेबलावर शिंद्यांची चांदीची आगगाडी आहे. जेवणं उरकली की ती मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन पाहुण्यांसमोरून फिरायची. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पाहुणे आले की आधी किल्ला, मग जयविलास, आणि तिथे ही गाडी, हा क्रम ठरलेला. आजोबांचं बोट धरून मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा चांदीकडे माझं लक्षच गेलं नाही. मी रूळ बघत होतो. टेबलावर रूळ टाकता येतात, हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते बसलंच.

आता माझ्या टेबलावर चांदी नसते, सैनिक असतात. टेबलटॉप वॉरगेमिंग म्हणजे दोन खेळाडू, लहान लहान रंगवलेले सैनिक, मोजपट्टी, फासे आणि इतिहासातली एखादी लढाई. ज्यांनी लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडले, त्यांना या खेळाची अर्धी ओळख आधीच असते. फरक एवढाच की किल्ल्यावरचा गवळी बुरुजाएवढा उंच असला तरी कुणी काही म्हणत नाही. इथे मात्र कोण कोणाच्या आड लपू शकतो, गोळी कुठून कुठे पोचते, हे सगळं मापावर ठरतं, म्हणून गाडीचं माप सांभाळावं लागतं.

हे सगळं अगदी नव्यांसाठी लिहितो आहे. तुमच्याकडे ६, १० किंवा १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक आहेत, १९व्या शतकातल्या वसाहतींमधल्या लढाया खेळायच्या आहेत, आणि टेबलावर एक कोळशाचं इंजिन हवंच आहे, असं धरून चालतो.

पहिली पायरी: साल लिहा

किंमत, कंपनी, दुकान हे सगळं नंतर. आधी लढाई कुठली आणि कुठल्या सालातली, ते वहीत लिहा. ग्वाल्हेरकराला पहिला मोह होतो तो जून १८५८ चा. कोटा की सराय, फूलबाग, राणी लक्ष्मीबाईंची शेवटची लढाई. रणांगण घरापासून हाकेच्या अंतरावर. पण त्या टेबलावर आगगाडी बसत नाही. मुंबई ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली होती खरी, पण आग्र्याहून ग्वाल्हेरपर्यंत रूळ आले ते १८८१ मध्ये.

गाडीवर मोहिमेचं पारडं फिरलं अशा लढाया मात्र भरपूर आहेत. १८६८ मध्ये मुंबईची फौज ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर गेली तेव्हा किनाऱ्यावर झुलाजवळ तिने रूळ टाकले, ५ फूट ६ इंचांचे, आपल्याकडच्याच मापाचे. दुसऱ्या अफगाण युद्धात १८७९ च्या ऑक्टोबरपासून रुक ते सिबी ही आजच्या पाकिस्तानातली सुमारे २१५ किलोमीटरची लाइन १०१ दिवसांत टाकली गेली, तीही ब्रॉड गेज. १८९७ मध्ये ब्रिटिश सेनापती किचनरने सुदानच्या वाळवंटातून वादी हाल्फा ते अबू हमद लाइन नेली, ३ फूट ६ इंचांची. पुढच्या वर्षी ओमदुरमानच्या लढाईत ज्या तोफनौका नाइल नदीत उभ्या होत्या, त्यांतल्या काही सुट्या भागांत याच गाडीवरून आल्या होत्या. आणि १५ नोव्हेंबर १८९९ ला दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ या वसाहतीत बोअरांनी, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या लोकांनी, इंग्रजांची चिलखती गाडी रुळांवरून पाडली, ज्यात तरुण चर्चिल पकडला गेला. तिथेही ३ फूट ६ इंच.

आपल्या घरची छोटी लाइन वेगळी सांगायला हवी. माधवराव शिंद्यांच्या काळातली ग्वाल्हेर लाइट रेल्वे दोन फुटी होती. १८९९ मध्ये ती शिवपुरीला पोचली आणि पुढे दुसऱ्या फाट्याने श्योपुरपर्यंत गेली, जवळजवळ २०० किलोमीटर. खजिना घेऊन निघालेली चार डब्यांची गाडी, दोन्ही बाजूंना चंबळचे बीहड, आणि रुळांवर रचलेले दगड: असा काल्पनिक प्रसंग खेळायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

सालाशेजारी रुळांचं माप लिहून ठेवा. ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर, ३ फूट ६ इंच म्हणजे १०६७, मीटर गेज १०००, दोन फुटी ६१०. पुढचं सगळं या चार आकड्यांवर चालतं.

दुसरी पायरी: सैनिक किती मोठा

स्केल म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा किती पट लहान ते; १:१०० म्हणजे शंभर पट लहान. सहा मिलिमीटरचा सैनिक म्हणजे साधारण १:२८५ ते १:३००, दहाचा म्हणजे १:१५० ते १:१६०, पंधराचा म्हणजे १:१०० च्या आसपास. आसपास म्हणतो, कारण कुणी टाचेपासून डोळ्यांपर्यंत मोजतं, कुणी डोक्यापर्यंत, आणि दोन कंपन्यांचे पंधरा मिलिमीटर शेजारी उभे केले तर एक दुसऱ्याचा धाकटा भाऊ दिसतो. तुमचाच सैनिक पट्टीला लावून मोजा आणि तोच आकडा खरा माना.

तिसरी पायरी: रुळांचं गणित

इथे थोडं थांबून वाचा, कारण नव्या माणसाचे पैसे इथेच वाया जातात.

खऱ्या रुळांमधलं अंतर घ्या आणि स्केलने भागा. पंधरा मिलिमीटरच्या सैनिकांसाठी भारतीय ब्रॉड गेज हवी असेल तर १६७६ भागिले १००, म्हणजे १६.८ मिलिमीटर. आता बाजारात मॉडेल रेल्वेचे तयार रूळ कुठल्या मापांचे, म्हणजे गेजचे, मिळतात ते बघा. झेड गेज ६.५ मिलिमीटर, एन ९, टीटी १२, एचओ १६.५. म्हणजे एचओचे रूळ पंधराच्या सैनिकांसाठी आपल्या ब्रॉड गेजला जवळजवळ तंतोतंत बसले. हे पहिल्यांदा वहीत आलं तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

तसंच बाकीचं. पंधरामध्ये मीटर गेज १० मिलिमीटर येते, तिथे एनचे ९ चे रूळ चालतात. सुदान किंवा बोअर युद्धाचं १०.७ येतं, तिथे ९ आणि १२ दोन्ही जवळजवळ सारखेच दूर आहेत, जे स्वस्त मिळतील ते घ्या. ग्वाल्हेरची दोन फुटी ६.१ येते, म्हणजे झेडचे रूळ. दहा मिलिमीटरमध्ये मीटर गेज ६.७ येते, पुन्हा झेड. दहामध्ये ब्रॉड गेज ११.२ येते आणि खरं तर टीटीचे रूळ हवेत, पण बहुतेक जण एन वापरतात आणि कुणाच्या डोळ्यांना खुपत नाही, कारण इंजिन आणि डबे एनचेच असतात. सहामध्ये ब्रॉड गेज ५.९ येते, झेड छान बसते. सहामध्ये मीटर गेज हवी असेल तर साडेतीन मिलिमीटर येतं. तिथे पुठ्ठ्याच्या पट्टीवर आगकाडीचे तुकडे आणि वर पितळी तार, असे हाताने केलेले रूळ सगळ्यांत बरे.

आता सापळा. रूळ एकच असले तरी वरचं इंजिन वेगळ्या स्केलचं असू शकतं. एचओ आणि ओओ दोन्ही १६.५ च्या रुळांवर धावतात. पण एचओ १:८७ आहे आणि ब्रिटिश ओओ १:७६. पंधराच्या सैनिकाशेजारी एचओचं इंजिन १५ टक्के मोठं दिसतं, ते खपतं. ओओचं ३० टक्क्यांहून मोठं दिसतं. माझं पहिलं इंजिन एका परदेशी विक्रेत्याकडून आलं. माहितीत १६.५ मिलिमीटर लिहिलं होतं, १५ च्या सैनिकांना चालेल असंही लिहिलं होतं. खोकं उघडलं तर ओओ. धुराडं माझ्या चौकीच्या बुरुजाच्या वर गेलं. परत पाठवायचा खर्च इंजिनाएवढाच होता. तेव्हापासून मी रुळांचं माप आणि स्केल, दोन्ही आकडे लेखी मागतो, आणि एकच आकडा मिळाला तर पैसे देत नाही. एनमध्येही असाच भेद आहे, पण लहान: ब्रिटिश १:१४८, जपानी १:१५०, युरोपीय १:१६०. दहाच्या सैनिकांना तिन्ही चालतात.

चौथी पायरी: बेसचा हिशेब

सहा मिलिमीटरचं खेळणारे नवखे एक प्रश्न नेहमी विचारतात: झेडची गाडी १:२२० ची, सैनिक १:२८५ चा, मग गाडी ३० टक्के मोठी नाही का होणार? होते. पण सैनिक हवेत उभा नसतो. त्याच्या पायाखाली दोन मिलिमीटरची पट्टी असते, बेस. सहा अधिक दोन, आठ. आणि सहाचे ३० टक्के वाढवले तर ७.८. म्हणजे बेसवर चढलेला शिपाई झेडच्या गाडीशेजारी बरोबर उंचीचा दिसतो. झेड आणि सहा मिलिमीटरची जोडी टेबलावर जमते, त्यामागे हे साधं कारण आहे.

यावरून उलटा धडाही घ्या. गाडी सैनिकांच्याच स्केलची असेल आणि सैनिक बेसवर असतील तर रूळही उचला. रुळांखाली दोन मिलिमीटरचा पुठ्ठा घालून त्याला दोन्हीकडे उतार दिला की खरा भराव दिसतो आणि उंची जुळते.

माझी शेवटची कसोटी दाराची. परवा भाचीला सोबत बसवून नवा डबा बघत होतो. तिने एक शिपाई उचलून डब्याच्या दारात धरला आणि विचारलं, "मामा, हा वाकल्याशिवाय आत जाईल ना?" हीच कसोटी. शिपाई दाराएवढा असावा, आणि ब्रॉड गेजच्या डब्याचं छत रुळांपासून साधारण दोन माणसं एकावर एक उभी राहिली तर लागेल एवढं. छोट्या लाइनच्या डब्याला दीड माणूस पुरे. दुकानात जाताना खिशात एक शिपाई ठेवा, पट्टी विसरलात तरी चालेल.

पाचवी पायरी: त्या काळचं इंजिन ओळखणं

पट्टीला बसणारं प्रत्येक इंजिन १८८० चं नसतं. मी हे बघतो: बॉयलर आखूड आणि बारीक, धुराडं उंच, चाकं मोजकी. जुनी इंजिनं चाकांच्या आकड्यांनी ओळखतात, पुढची, मधली, मागची. ०-४-०, ०-६-०, २-४-० ही तुमची माणसं. मुंबई-ठाण्याची पहिली इंजिनं २-४-० होती. मीटर गेजवरचं एफ वर्गाचं ०-६-० वर्षानुवर्षं देशभर धावलं, आणि त्यातलं एफ-७३४ हे १८९५ मध्ये अजमेरच्या कारखान्यात तयार झालं, भारतात बनलेलं पहिलं इंजिन म्हणून. ते आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. ग्वाल्हेरहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येतं. जा, आणि इंजिनाचे फोटो समोरून, बाजूने आणि शक्य असेल तर वरून काढा. टेबलावर आपण गाडी वरूनच बघतो.

टाळायचं काय? धुराड्याशेजारचे पत्र्याचे मोठे पंखे, चार-सहा मोठ्या चाकांची लांब एक्सप्रेस इंजिनं, पुढे गाई हटवणारा अमेरिकी पिंजरा, सुबक गुळगुळीत अंगाची विसाव्या शतकातली मॉडेलं. डब्यांमध्ये चारचाकी घ्या. आठचाकी लांब डबे दिसायला देखणे, पण टेबलावर जागा खातात आणि जुन्या काळाशी जुळतही नाहीत.

कंपन्यांची नावं हवी असतील तर थोडी देतो. झेडमध्ये मार्क्लिन १९७२ पासून आहे, आणि तिचं ०-६-० टाकीचं (पाण्याची टाकी अंगावरच असलेलं) इंजिन, बीआर ८९, सगळ्यांत सहज सापडतं. जेमतेम साडेचार सेंटिमीटरचं आहे. मूळ जर्मन इंजिन १९३४ चं असलं तरी अंग साधं आहे, धुराडं उंच केलं आणि छत वाढवलं की ओळखूही येत नाही. एनमध्ये काटोची पॉकेट लाइन बघा, इटुकलं इंजिन आणि आखूड चारचाकी डबे. पंधराच्या सुदानसाठी एचओई म्हणून जो प्रकार आहे, ९ मिलिमीटरच्या रुळांवर १:८७ चं अंग, त्यातली रोको किंवा मिनिट्रेन्सची टाकीची इंजिनं फार उपयोगी. आणि आपल्या छोट्या लाइनसाठी बुशची ६.५ मिलिमीटरची फेल्डबान, म्हणजे शेतातली छोटी गाडी. तिचं मूळ ६०० मिलिमीटरचं आहे, आपलं ६१०. दहा मिलिमीटरचा फरक १:१०० मध्ये केसाएवढाच.

सहावी पायरी: शोधायचं कसं

नवं, चालू, खोक्यातलं इंजिन शोधूच नका. रेल्वेमॉडेलवाल्याला मोटर हवी असते, आपल्याला नको. आपण गाडी हाताने सरकवतो. म्हणून विक्रेत्यांच्या यादीत नॉन-रनर, डमी, बॉडी शेल, स्पेअर्स हे शब्द शोधा. मोटर जळालेलं इंजिन त्यांच्यासाठी भंगार, आपल्यासाठी सोनं. मासिकांबरोबर निघालेली, फक्त कपाटात ठेवायची न चालणारी मॉडेलंही असतात. त्यांचं स्केल नीट विचारून घ्या आणि बिनदिक्कत वापरा. बाहेरून मागवताना टपालखर्च आणि कस्टम धरून एकूण किती होईल ते आधीच काढा. दोघा-तिघांनी मिळून एकच पार्सल मागवणं सगळ्यांत परवडतं. इंजिन विकत घ्या आणि वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, घरी करा, हा माझा पक्का सल्ला आहे. उघडी वाघीण म्हणजे पुठ्ठ्याची पेटी आणि चार चाकं. ती अर्ध्या तासात होते.

थ्रीडी प्रिंटिंग ज्यांच्या हाताशी आहे त्यांना मोकळं रान. फाइल १:८७ ची असेल आणि १:१०० हवी असेल तर ८७ टक्क्यांवर छापा. १:१६० ची १:२८५ करायची तर ५६ टक्के. पण आकार घटला की भिंतीही पातळ होतात. एक मिलिमीटरची भिंत अर्ध्यावर येते, आणि दांडे, कठडे तर छापून निघतच नाहीत. ते फाइलमधून काढून टाका आणि नंतर तारेचे लावा. वाघिणींना साधा पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) पुरतो, इंजिनाला रेझिन घ्या, हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतो. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात बंद गाडीत किंवा गच्चीवर वाळत ठेवलेली वाघीण संध्याकाळी वाकडी सापडते.

सातवी पायरी: इंजिनाला त्या देशाचं करणं

हे काम मला सगळ्यांत प्रिय आहे, म्हणून एकच उदाहरण सविस्तर सांगतो. बोअर युद्धात नाताळमध्ये एका इंजिनाला जहाजाच्या जाड दोरांनी अंगभर मढवलं होतं, गोळ्यांपासून वाचायला. सैनिक त्याला हेअरी मेरी म्हणत. हे इंजिन नव्या माणसासाठी वरदान आहे, कारण दोरांखाली मूळ मॉडेल कुठलं ते झाकलं जातं. मोटर काढून टाका, रिकाम्या पोटात एक-दोन लोखंडी नट चिकटवा म्हणजे वजन येईल. तुळशीबागेची सुतळी जाड पडते, साध्या शिवणाच्या रीळावरचा खाकी दोरा घ्या. बॉयलरला पातळ फेविकॉल लावा आणि धुराड्यापासून मागे, वरून खाली लोंबणाऱ्या छोट्या छोट्या लडी चिकटवत जा. प्रत्येक लड आधीच्या लडीवर थोडी चढली पाहिजे, कौलांसारखी. वाळलं की तपकिरी पातळ पाणीरंग सोडा, तो धाग्यांच्या फटींत जाऊन बसतो. मग टोकांना कोरड्या ब्रशने फिकट पिवळा रंग. पंधराच्या इंजिनाला दोन संध्याकाळी लागतात.

बाकी इंजिनांना फार काही लागत नाही. छापील आकडे आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा, प्रायमर मारा, काळा किंवा गडद हिरवा रंग द्या, वर धूळ. हिंदुस्थान आणि सुदानच्या इंजिनांना ड्रायव्हरच्या डोक्यावर लांब छत द्या, कार्डशीटचं. बारीक पितळी तार, केसाएवढे ड्रिल आणि चिमटे सराफ्यात सोनारांची हत्यारं विकणाऱ्यांकडे मिळतात, आणि ती छंदाच्या दुकानातल्यांपेक्षा टिकतात. रुळांमधली खडी म्हणजे धुऊन वाळवलेली चहाची पूड. वाळवंटासाठी रांगोळी.

आठवी पायरी: टेबलावर मांडताना

चार बाय सहा फुटांच्या टेबलावर गाडी टेबलाच्या एक तृतीयांशाहून लांब नको. इंजिन आणि तीन-चार वाघिणी भरपूर झाल्या. चिलखती गाडी असेल तर इंजिन मध्ये ठेवा, तोफेची वाघीण सगळ्यांत पुढे. १८९९ च्या त्या गाडीतही इंजिन मध्येच होतं, आणि म्हणूनच पुढच्या वाघिणी घसरल्यावर इंजिनाला धडका देऊन रूळ मोकळे करता आले आणि जखमींना घेऊन निघून जाता आलं. तुमच्या वाघिणी एकमेकींना चिकटवू नका. घसरलेली वाघीण आडवी ठेवता आली पाहिजे, तिच्याआड शिपाई लपले पाहिजेत.

रूळ सरळ ठेवा. वळण हवंच असेल तर एकच, आणि ते मोठ्या त्रिज्येचं. गाडी हाताने चालणार असल्याने वळणाची त्रिज्या तुमच्या मनावर आहे, तरी डबे एकमेकांना घासत नाहीत ना, ते आधी सरकवून बघा.

खेळ संपल्यावर गाडी मिठाईच्या कप्प्यांच्या डब्यात ठेवली की चांगली राहते. डब्याच्या झाकणावर मी मोठ्या अक्षरांत साल लिहितो: एकावर "१८६८ नंतर", एकावर "१८८१ नंतर", छोट्या लाइनच्या डब्यावर "१८९९ नंतर". पुढच्या रविवारी कुठली लढाई आहे ते ठरलं की त्या सालाचा डबा काढायचा.